कॉर्नरबॅक पारखायला शिकताना

अमेरिकन फुटबॉलमधला कॉर्नरबॅक, म्हणजे पास झेलू पाहणाऱ्याला रोखणारा कडेचा बचावपटू, पारखायला शिकायचं असेल, तर सुरुवातीचे काही आठवडे चेंडूकडे बघायचंच नाही. हे सोपं नसतं, कारण डोळे आपोआप चेंडूमागे जातात. पण या खेळाडूचं बरंचसं काम चेंडू क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्याच्या, हातात असतानाच होऊन गेलेलं असतं. पास हवेत जातो तेव्हा आपल्याला दिसतो तो फक्त निकाल.

मी संख्याशास्त्रात मास्टर्स करायला अमेरिकेत आले आणि विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या व्हिडिओ विभागात विद्यार्थी मदतनीस म्हणून रुजू झाले. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास कॅम्पसवर काम करता येतं, त्या मर्यादेत हे काम बसतं. आधी नुसतं चित्रण कापायचं काम होतं: प्रत्येक प्ले (एकेक चाल) वेगळा काढायचा, त्यावर डाऊन (कितवा प्रयत्न), अंतर, बचावाची रचना अशा खुणा टाकायच्या. पुढे शालेय खेळाडूंचे अहवाल लिहायला मिळाले, आणि मी आपणहून कॉर्नरबॅक मागून घेतले. आता या क्षेत्रात येऊ पाहणारी मराठी मुलं-मुली विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

ही जागा इतकी अवघड का, ते आधी समजून घ्या. रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, आपण कुठे वळणार हे ठाऊक असतं, कॉर्नरबॅकला नसतं. रिसीव्हर समोर बघत धावतो, कॉर्नरबॅकला कित्येकदा उलटं पळावं लागतं. शिवाय १९७८ पासून एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला धरता-ढकलता येत नाही. म्हणजे नियमही हल्ला करणाऱ्याच्या बाजूचे. अशा जागेवर विशी-एकविशीतला मुलगा अधूनमधून मार खाणारच. त्यानं मार खाल्ला की नाही यापेक्षा कशामुळे खाल्ला, हे शोधणं हेच आपलं काम.

टीव्हीवरच्या चित्रणातून ते शोधता येत नाही. चेंडू खेळात आला की कॅमेरा आत सरकतो आणि कॉर्नरबॅक चौकटीबाहेर जातो. सगळे २२ खेळाडू दिसणारं, उंचावरून घेतलेलं ‘ऑल-२२’ चित्रण मिळवा. एकच प्ले तीनदा बघा: पहिल्यांदा फक्त पाय, दुसऱ्यांदा कंबर, तिसऱ्यांदा डोळे आणि हात.

पायांत काय बघायचं? प्रेसमध्ये, म्हणजे रिसीव्हरच्या अगदी समोर उभं राहून खेळताना, धीर बघायचा. कबड्डीत कोपरा सांभाळणारा खेळाडू चढाई करणाऱ्याच्या हातवाऱ्यांना भुलत नाही, त्याची कंबर आणि पाय बघतो. इथेही अगदी तसंच. रिसीव्हरनं खांदा हलवला की जो लगेच एका बाजूला झेपावतो, त्याच्या नावापुढे खूण करा. अंतर ठेवून खेळणाऱ्याच्या बाबतीत बघायचं की उलटं पळताना तो ताठ होतो का, आणि पुढे झेपावताना एखादं पाऊल वाया घालवतो का. एका वाया पावलात रिसीव्हर यार्डभर मोकळा होतो, आणि वरच्या पातळीवरच्या क्वार्टरबॅकला तेवढं पुरतं.

कंबर हा मला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. पूर्ण वेगात एका बाजूला वळलेला खेळाडू दुसऱ्या बाजूला किती सहज वळतो, हे ४० यार्डांच्या धावेत दिसत नाही. इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे एनएफएलच्या निवडीआधीच्या चाचण्यांमध्ये, सगळ्यांचं लक्ष त्या धावेवर असतं, पण ती सरळ रेषेतली धाव आहे. कंबर अडकणाऱ्या खेळाडूचा वेग त्याला चुकीच्या दिशेला आणखी लांब नेतो.

मग डोळे. ‘मान वळवून चेंडू शोधत नाही’ हे वाक्य नवशिक्यांच्या अहवालात हटकून येतं, आणि ते बहुतेकदा अपुरं असतं. रिसीव्हरच्या खांद्याला खांदा लावून पळत असेल आणि तरी मान वळवत नसेल, तर ती उणीव. पण तो दोन पावलं मागे असेल, तर मान वळवल्यावर आणखीच मागे पडेल. तिथे आधी अंतर भरून काढायचं आणि रिसीव्हरच्या हातांमध्ये हात घालायचा, हेच योग्य. मागे असताना मान न वळवणारा मुलगा शिकवलेलं बरोबर करतो आहे. त्याची खरी उणीव तो मागे का पडला यात आहे, म्हणजे पुन्हा पायांत किंवा कमरेत.

आता एक उदाहरण. मी प्रत्येक नव्या मदतनिसाला हेच बघायला सांगते. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या इमॅन्युएल फोर्ब्सनं कॉलेजात १४ इंटरसेप्शन केले, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पास मध्येच पळवले, त्यातले ६ थेट टचडाऊनपर्यंत (गोलरेषेपार) नेले, आणि हा कॉलेज फुटबॉलच्या वरच्या विभागातला विक्रम. कंबाइनमध्ये त्याचं वजन भरलं १६६ पौंड, साधारण ७५ किलो. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, वॉशिंग्टनच्या संघानं त्याला १६ वा घेतला. पहिल्याच मोसमात फिलाडेल्फियाविरुद्ध त्याच्यासमोर बराच वेळ ए. जे. ब्राउन होता, सव्वादोनशे पौंडांचा रिसीव्हर. ब्राउननं त्या सामन्यात १७५ यार्ड आणि दोन टचडाऊन काढले. २०२४ संपायच्या आत वॉशिंग्टननं फोर्ब्सला सोडलं आणि लॉस एंजेलिस रॅम्स संघानं त्याला घेतलं.

त्याच्याशेजारी ट्रेंट मॅकडफीला ठेवा. वॉशिंग्टन विद्यापीठात त्याचे एकूण इंटरसेप्शन २. उंची पाच फूट अकरा, हातांची लांबी ३० इंचांहूनही थोडी कमी. कॉर्नरबॅकसाठी ती आखूडच. कॅन्सस सिटी चीफ्सनं त्याला २०२२ मध्ये २१ वा घेतला, आणि २०२३ मध्ये तो ऑल-प्रोच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात होता.

यावरून ‘इंटरसेप्शन निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढू नका. फोर्ब्सची चेंडूची जाण खरीच आहे, तो क्वार्टरबॅक वाचतो. प्रश्न असा विचारायला हवा, की हे गुण कोणत्या कामात दिसले आणि पुढचं काम तेच आहे का? अंतर ठेवून, क्वार्टरबॅककडे बघत खेळणाऱ्याला चेंडू पळवायची संधी जास्त मिळते. तोच मुलगा वजनदार रिसीव्हरसमोर एकटा उभा केला, की वजनाचा प्रश्न दर प्लेला समोर येतो. मॅकडफीचे आखूड हात कुठे गेले नाहीत. पण चीफ्सचे बचाव प्रशिक्षक स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांनी त्याला आत, स्लॉटमध्येही (कडेच्या रिसीव्हरच्या आतली जागा) खेळवलं, ब्लिट्झला, म्हणजे थेट क्वार्टरबॅकवर धावून, पाठवलं. तिथे पायांची चपळाई, टॅकल (पकडून पाडणं) आणि समज लागते, आणि ती त्याच्याकडे भरपूर आहे.

रिचर्ड शर्मनचं उदाहरण उलट्या बाजूनं सांगता येईल. स्टॅनफर्डला तो आधी रिसीव्हर होता, कॉर्नरबॅक म्हणून जेमतेम दोन मोसम खेळला, आणि २०११ च्या ड्राफ्टमध्ये १५४ वा गेला. प्रशिक्षक पीट कॅरल यांच्या सिएटल संघाला कडेला उंच, लांब हातांचे, धीरानं प्रेस खेळणारे कॉर्नरबॅकच हवे होते. २०१३ मध्ये ८ इंटरसेप्शन करून तो लीगमध्ये पहिला आला.

म्हणून अहवालात उणीव लिहिताना मी तीन गोष्टी लिहितेच: कारण काय, शिकवून सुधारेल का, आणि कोणत्या रचनेत ती उघडी पडेल. ‘टॅकल कच्चा’ एवढ्यानं प्रशिक्षकाला काही कळत नाही. ‘अंगाला भिडायला कचरतो’ आणि ‘भिडतो, पण डोकं खाली घालतो’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं सरावानं सुटू शकतं. पहिलं सुटताना मी फारसं पाहिलेलं नाही. हातांची लांबी बदलणार नाही, वजन थोडं वाढेल, पावलं बरीच सुधारतील.

कॉलेजातून एनएफएलकडे जाणाऱ्या खेळाडूबद्दल लिहिताना दोन नियम कायम डोक्यात ठेवा. कॉलेजात पास इंटरफिअरन्सचा (पास झेलणाऱ्याला केलेल्या बेकायदा अडथळ्याचा) दंड जास्तीत जास्त १५ यार्ड असतो. एनएफएलमध्ये जिथे गुन्हा घडला तिथे चेंडू जातो. मागे पडला की जर्सी धरणारा मुलगा कॉलेजात खपून जातो, पुढे त्याच सवयीचे ४० यार्ड पडू शकतात. आणि कॉलेजच्या मैदानावर आतल्या खुणांमध्ये (प्ले सुरू करताना चेंडू या दोन खुणांच्या दरम्यानच ठेवतात) ४० फुटांचं अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा. कॉलेजात चेंडू एका खुणेवर असला, की एक बाजू अगदी अरुंद होते. मुलगा कायम त्याच अरुंद बाजूला खेळला असेल, तर साइडलाइननं त्याला किती मदत केली ते तपासा. मोकळ्या बाजूचे त्याचे प्ले शोधून वेगळे बघा, थोडे असले तरी.

ज्यांना भारतात बसूनच सुरुवात करायची आहे, त्यांनी एनएफएलच्या बिग डेटा बोल स्पर्धेची माहिती काढावी. खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिप असते आणि ती सेकंदाला दहा वेळा जागा नोंदवते. त्यातला काही डेटा स्पर्धेसाठी खुला केला जातो. २०२१ च्या स्पर्धेचा विषयच पासविरुद्धचा बचाव होता, त्यावर आलेली कामं वाचण्यासारखी आहेत. आर किंवा पायथन येत असेल तर रिसीव्हर आणि कॉर्नरबॅकमधलं अंतर दर दशांश सेकंदाला काढून बघा. पण त्याआधी तेच प्ले डोळ्यांनी बघून आपलं मत वहीत लिहा. आकडा आणि मत जिथे जुळत नाहीत, तो प्ले पुन्हा लावा. माझं बरंचसं शिक्षण अशाच प्लेंवर झालं.

नोकरीसाठी अर्ज करताना लांबलचक पत्रापेक्षा एका खेळाडूचा दोन पानी अहवाल जोडा. फार गाजलेला खेळाडू नको, त्याच्याबद्दलची मतं वाचणाऱ्यानं आधीच ऐकलेली असतात. ड्राफ्टच्या मधल्या फेरीत जाईल असा कोणी निवडा, त्याचे निदान चार सामने बघा, आणि त्यातला एक तरी तो ज्यात हरला तो असू द्या. प्रत्येक विधानापुढे कोणता सामना, कोणता क्वार्टर, किती वेळ उरला होता ते लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला तो प्ले काढून तुमचं म्हणणं तपासता येईल.