घरून ऑफिसचा व्हीपीएन चालत नाही? या चुका टाळा

व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचा सुरक्षित मार्ग, अडला की बहुतेकांचा हात आधी अनइन्स्टॉलवर जातो. सॉफ्टवेअर काढायचं, पुन्हा टाकायचं, मशीन रीस्टार्ट करायचं आणि तरी जैसे थे. वर सर्व्हरचा पत्ता, प्रोफाइल, कधी कधी सर्टिफिकेटही (ओळख पटवणारी डिजिटल फाइल) त्यासोबत पुसलं जातं आणि एकाच्या दोन अडचणी होतात. सॉफ्टवेअरच बिघडलंय असं क्वचित असतं. आधी नेमकं कुठे अडलंय ते बघा: कनेक्टच होत नाही, पासवर्डपाशी अडतं, की 'कनेक्टेड' दिसूनही काम होत नाही. तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

मग घरचं वायफाय बंद करून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कनेक्ट करून बघा. तिथे चाललं तर पासवर्ड, सॉफ्टवेअर आणि ऑफिसचा सर्व्हर ठीक आहेत. शोध राउटर आणि ब्रॉडबँडकडे वळवा. तिथेही नाही चाललं तर राउटर रिसेट करत बसू नका. दोन मिनिटांचं काम आहे, पण घाईवाल्यांना नेमका याचाच कंटाळा.

आता सर्वात जास्त छळणारी चूक. कनेक्शन होतं, ईमेल येतो, फक्त ऑफिसच्या सर्व्हरवरची फाइल उघडत नाही. अशा एका प्रकरणात पासवर्ड बदलून झाला, सॉफ्टवेअर नव्याने टाकून झालं, शेवटी विंडोजसुद्धा पुन्हा टाकून झालं. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.२०, आणि पिंगला, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारून बघणाऱ्या कमांडला, उत्तर येत होतं, त्यामुळे सर्व्हर सापडतोय याची सगळ्यांना खात्री. पण उत्तर २ मिलिसेकंदांत येत होतं! शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेला सर्व्हर व्हीपीएनमधून इतक्या लवकर उत्तर देत नाही. उत्तर देत होता तो हॉलमधला टीव्ही. घरच्या राउटरने त्यालाच १९२.१६८.१.२० हा पत्ता दिलेला होता.

कारण साधं आहे. घर आणि ऑफिस दोन्हीकडे १९२.१६८.१ ची मालिका असेल तर कॉम्प्युटरच्या लेखी तो पत्ता घरातलाच; डेटाचं पॅकेट व्हीपीएनमध्ये शिरतच नाही. हॉटस्पॉटची मालिका सहसा वेगळी असते, म्हणून तिथे सगळं सुरळीत चालतं. तपासायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) चालवा आणि वायफायच्या पत्त्याचे टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन भाग ऑफिसच्या सर्व्हरच्या पत्त्याशी ताडून बघा. जुळले तर राउटरच्या लॅन (घरच्या नेटवर्कच्या) सेटिंगमध्ये १९२.१६८.१.१ ऐवजी १९२.१६८.८७.१ असा आडवळणाचा पत्ता द्या. डीएचसीपीची (राउटर उपकरणांना आपोआप पत्ते वाटतो ती सोय) मालिकाही त्यानुसार बदलली आहे ना, ते पाहा, मग राउटर आणि कॉम्प्युटर दोन्ही रीस्टार्ट करा. यापुढे राउटरचं पान नव्या पत्त्यावर उघडेल, आणि प्रिंटर किंवा कॅमेऱ्याला हाताने पत्ता दिलेला असेल तर तो पुन्हा द्यावा लागेल. १० ने सुरू होणारी मालिका घरी नकोच. मोठी ऑफिसं ती सर्रास वापरतात.

पत्त्याने सर्व्हर सापडतो पण नावाने नाही, तर गोष्ट डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेची. सर्व्हरचं डोमेनसकट पूर्ण नाव टाकून बघा. ऑफिसची साइट फक्त ब्राउझरमध्येच अडत असेल तर ब्राउझरचा 'सुरक्षित डीएनएस' बंद करा. तो ऑफिसच्या डीएनएसला विचारतच नाही.

पिंग चालतं, लहान पानं उघडतात, पण मोठी फाइल कॉपी करताना किंवा रिमोट डेस्कटॉप उघडताना सगळं गोठतं? लोक लगेच 'नेट स्लो आहे' म्हणून मोकळे होतात. स्पीड टेस्ट कितीही छान आली तरी इथे उपयोग नाही, कारण प्रश्न वेगाचा नसून पॅकेटच्या आकाराचा आहे. इथरनेटवर पॅकेट १५०० बाइटचं, पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडल्या जाणाऱ्या) ब्रॉडबँडवर १४९२ चं, आणि व्हीपीएन त्यातच आपलं वेष्टन चढवतो. व्हीपीएन चालू ठेवून ऑफिसच्या सर्व्हरला पिंग करा. सोबत तुकडे न करण्याचा एफ पर्याय आणि आकार सांगणाऱ्या एल पर्यायापुढे १४००, म्हणजे ping -f -l 1400 आणि पुढे सर्व्हरचा पत्ता. उत्तर आलं नाही तर दहा-दहाने उतरा. जिथे उत्तर येईल त्या आकड्यात २८ मिळवा, तो तुमचा एमटीयू, म्हणजे पॅकेटचा जास्तीत जास्त आकार. तो व्हीपीएनच्या अडॅप्टरवर लावा, किंवा आयटीवाल्यांना तो आकडा कळवा.

विंडोजच्या व्हीपीएनमध्ये एररचा क्रमांक दिसला की खिडकी बंद करण्याआधी तो लिहून घ्या. ६९१ म्हणजे बहुधा युजरनेम किंवा पासवर्ड. तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा मारू नका, खातं लॉक होईल. ८६८ म्हणजे सर्व्हरच्या नावाचा पत्ताच मिळाला नाही. ८०९ म्हणजे सर्व्हरकडून उत्तर नाही. व्हीपीएन एल२टीपी प्रकारचा असेल तर राउटर किंवा फायरवॉल त्याला लागणारे यूडीपी ५०० आणि ४५०० हे पोर्ट अडवत असण्याची शक्यता मोठी.

'काल चालत होतं' असेल तर अपडेटचा इतिहास उघडा. ११ जानेवारी २०२२ च्या विंडोज अपडेटनंतर एल२टीपीची कनेक्शनं तुटली होती आणि मायक्रोसॉफ्टला १७ जानेवारीला वेगळं दुरुस्ती-अपडेट काढावं लागलं. मधल्या दिवसांत घरी राउटरची कितीही उलथापालथ केली असती तरी उपयोग शून्य.

बाकीच्या किरकोळ: घड्याळ चुकलं असेल तर सर्टिफिकेट आणि ओटीपी ॲप दोन्ही रुसतात, वेळ ऑटोमॅटिक ठेवा. फुकटचा दुसरा व्हीपीएन आधी पूर्ण बंद करा. कनेक्ट झाल्यावर घरचा प्रिंटर दिसेनासा होणं हा बिघाड नाही, बऱ्याच ऑफिसांचा तो नियमच असतो. पासवर्ड बदलला असेल तर व्हीपीएन चालू असताना ऑफिसचा लॅपटॉप लॉक करून नव्या पासवर्डने उघडा, नाहीतर तो जुनाच धरून बसतो. अँटिव्हायरस कायमचा बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

आणि आयटीकडे तक्रार नोंदवताना तिकिटात नुसतं 'व्हीपीएन चालत नाही' लिहू नका. किती वाजता, कोणत्या नेटवर, एररचा कोणता क्रमांक, हॉटस्पॉटवर काय झालं, एवढं लिहा. वेळ दिली की आयटीवाल्यांना सर्व्हरच्या लॉगमध्ये तुमची नोंद शोधता येते. नोंद नसेल तर तुमचं पॅकेट ऑफिसपर्यंत पोचलंच नाही, आणि शोध परत घराच्या बाजूने सुरू.