खोलीचा आवाज आणि चहाचा कप

चित्रपटाचे शिक्षण संस्थेत घ्यावे की थेट सेटवर, असे गोरेगावच्या चित्रनगरीत काम शोधायला येणारी मुले मला नेहमी विचारतात. मी आधी संस्थेत शिकले, नंतर मराठी मालिकांच्या सेटवर सहायक म्हणून क्लॅप (शॉटच्या सुरुवातीला आपटायची फळी) धरला आणि फजिती दोन्हीकडे झाली. फरक इतकाच की संस्थेतली फजिती निस्तरायला वेळ मिळाला.

विद्यार्थी असताना गिरगावातल्या चाळीत, एका खोलीत आम्ही आई आणि मुलाचा प्रसंग चित्रित केला. उजेड जात होता, म्हणून ध्वनिमुद्रण करणाऱ्या मित्राने शेवटी मागितलेले एक मिनिट मी दिले नाही. सगळ्यांनी गप्प उभे राहून त्या मिनिटात खोलीची नुसती शांतता टिपायची असते. तिला रूम टोन म्हणतात. संकलनाला बसल्यावर संवादांच्या मधल्या, मी पुटपुटलेल्या सूचना कापल्या, तर तिथे भोकेच पडली. नळाचे पाणी, गॅलरीतली पावले, लांबची बस, सारे क्षणभर नाहीसे होऊन पुन्हा उगवायचे आणि स्पीकर बिघडल्यासारखे वाटायचे. हे सगळे व्याख्यानात ऐकले होते, वहीत उतरवलेही होते.

सेटवरची चूक मात्र इतरांचा वेळ खाते. मालिकेचे प्रसंग कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. दिवाणखान्याचे सारे प्रसंग एका दिवशी उरकतात, त्यामुळे घराबाहेर पडलेली सून अंगणात चार दिवसांनी पोहोचते, आणि तिचे मंगळसूत्र पदराच्या आत होते की बाहेर, हे कंटिन्युइटीच्या, म्हणजे शॉटमागून शॉट जुळावेत म्हणून ठेवलेल्या नोंदींच्या वहीलाच ठाऊक असते. मी मास्टर शॉटला, म्हणजे अख्खा प्रसंग सलग टिपणाऱ्या शॉटला, ‘कप उजव्या हातात’ असे नोंदवले, पण कोणत्या शब्दावर उचलला ते लिहिले नाही. जेवणानंतर क्लोजअपमध्ये अभिनेत्रीने तो वाक्य संपल्यावर उचलला आणि संकलकाला दोन्ही शॉट जोडता येईनात. आता मी संहितेत नेमक्या त्या शब्दाखाली रेघ मारून कृती लिहिते.

क्लॅपचे काम हलके समजू नये. फळी आपटल्याचे चित्र आणि तिचा आवाज यांवरून पुढे दृश्य व ध्वनी जुळवतात. सुरुवातीला क्लॅप राहिला, तर शॉटच्या शेवटी तो उलटा धरून देतात, हे मला एका कॅमेरा सहायकाने भर शूटिंगमध्ये, दोन वाक्यांत शिकवले.

पुण्याची फिल्म संस्था १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. तिथे जागा मोजक्याच असतात. प्रवेश हुकला, तर मुंबईत १९६८ पासून चालत आलेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या, सभासदांना निवडक चित्रपट दाखवणाऱ्या फिल्म सोसायटीचे सभासद व्हावे आणि आवडलेला प्रसंग घरी आवाज बंद करून पाहावा; कट कुठे पडतो ते तेव्हा दिसते. मालिकांचे मानधन बहुधा ९० दिवसांनी हाती येते, तेव्हा तीन महिन्यांचे भाडे गाठीशी ठेवूनच निघावे (हे मला कोणी सांगितले नव्हते).

आजही पॅकअपआधी मी रूम टोनचे मिनिट मागते. लाइट दादा घड्याळाकडे पाहतात, चहापाणी देणारा स्पॉट दादा हातातले कप तसेच धरून थांबतो आणि चाळिसाव्या सेकंदाला कोणीतरी खोकते; मग पुन्हा पहिल्यापासून.