कोल्हापुरातल्या दुकानातून, हॉटेलातून एकदाच वापरायचं प्लास्टिक कसं हटवावं

प्लास्टिकबंदी पाळायची म्हटलं की बहुतेक व्यावसायिक आधी पर्यायी माल विकत आणतात, आणि पैसे तिथेच वाया जातात. आधी मोजा, मग कमी करा, उरेल त्यालाच पर्याय शोधा.

आठवडाभर काउंटरवर एक वही ठेवा. कॅरीबॅग, रश्श्याच्या पिशव्या, कप, चमचे, स्ट्रॉ, मिठाईच्या बॉक्सवरची पारदर्शक फिल्म, यातलं रोज किती गेलं ते लिहा. शेजारी दुसरा रकाना आखा: गिऱ्हाइकानं मागितलं, की आपणच दिलं? दुसऱ्या प्रकारातलं सगळं उद्यापासून बंद करता येतं आणि त्याला पर्यायही लागत नाही. घरी न्यायच्या पार्सलमध्ये चमचा कशाला हवा?

आता नियम. महाराष्ट्राची अधिसूचना २३ मार्च २०१८ची. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व तीन महिन्यांचा कारावास. केंद्राची बंदी १ जुलै २०२२पासून आहे. तिच्यात प्लेट, कप, ग्लास, काटे-चमचे, स्ट्रॉ, सजावटीचं थर्माकोल, मिठाईच्या बॉक्सवरची फिल्म आणि १०० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ पीव्हीसी बॅनर येतात. सगळ्यात जास्त गोंधळ कॅरीबॅगचा होतो. केंद्राच्या नियमात १२० मायक्रॉनच्या पिशवीला मुभा आहे, म्हणून घाऊक व्यापारी ती 'चालते' असं सांगून विकतात. महाराष्ट्रात मात्र हँडल असो वा नसो, प्लास्टिकची कॅरीबॅग कुठल्याही जाडीची चालत नाही.

कोल्हापुरातला खरा अवघड प्रश्न रश्श्याचा आहे. उकळता, तेलाचा तवंग असलेला तांबडा रस्सा पातळ पिशवीत बांधून देणं आरोग्यालाही वाईट आणि कायद्यातही बसत नाही. सगळ्यात पक्का मार्ग डब्याचा. डबा आणणाऱ्याला बिलात ठरावीक सूट द्या आणि तसा फलक दारातच लावा. न आणणाऱ्यासाठी घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे अनामत घेऊन द्या. अनामत डब्याच्या खरेदी किमतीइतकीच हवी. कमी ठेवली की डबे परत येत नाहीत. डब्यावर दुकानाचं नाव आणि क्रमांक कोरून घ्या.

उसाच्या चिपाडाच्या वाट्या सुक्या पदार्थांना उत्तम. रश्श्याला घेण्याआधी चाचणी करा: वाटीत २०० मिली उकळता रस्सा भरा, झाकण लावा, कोऱ्या कागदावर अर्धा तास ठेवा. कागदावर तेलाचा डाग उमटला किंवा वाटीचा तळ मऊ पडला तर तो माल परत करा. आतून चकचकीत दिसणारी कागदी वाटी हा पर्याय नव्हे. ती फाडून रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी पातळ पापुद्रा सुटून आला तर तो प्लास्टिकचा थर आहे. वडा-भजी वर्तमानपत्रात बांधू नका. छपाईची शाई अन्नात उतरते आणि अन्न सुरक्षेच्या नियमांत त्यालाही मनाई आहे. केळीचं पान किंवा कोरा कागद वापरा.

चहाला काचेचे ग्लास पुन्हा आणणं सोपं आहे. सगळ्यात गर्दीच्या अर्ध्या तासात ३० चहा जात असतील तर ६० ग्लास पुरतात. निम्मे गिऱ्हाइकांच्या हातात, निम्मे धुण्यात.

पिशव्यांसाठी मांजरपाट घ्या. ३६ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) १ मीटर कापडात साधारण ३० बाय ४० सेंटीमीटरच्या तीन पिशव्या निघतात. बंदांसाठी नवारीची पट्टी वेगळी आणा आणि बंद दुहेरी शिलाईनं पक्के करून घ्या, कारण पिशवी आधी तिथेच उसवते. पिशवी फुकट देऊ नका. फुकटची पिशवी दुसऱ्यांदा दुकानात येत नाही.

नॉनवोव्हन, म्हणजे न विणलेली पण कापडासारखी दिसणारी पिशवी ६० जीएसएमपेक्षा (दर चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा) हलकी चालत नाही. तपासायला १० बाय १० सेंटीमीटरचे दहा तुकडे कापून एकत्र वजन करा. ६ ग्रॅमच्या खाली भरले तर माल घेऊ नका. बॅनरची किंवा पॅकिंगच्या फिल्मची जाडी मोजायची तर उद्यमनगरातल्या कुठल्याही मशीनशॉपमध्ये मायक्रोमीटर असतो. दहा थर एकत्र धरून मोजा आणि दहानं भागा. एकच थर मोजला तर आकडा भरवशाचा येत नाही.

'कंपोस्टेबल' माल घेताना वस्तूवर ते शब्द, आयएस १७०८८ हा क्रमांक आणि उत्पादकाचा प्रमाणपत्र क्रमांक छापलेला हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राची प्रत आणि बिल मागून घ्या आणि दोन्ही एका फाइलमध्ये काउंटरवरच ठेवा. तपासणीचं पथक आलं की मालक दुकानात असेलच असं नाही, म्हणून फाइल कुठे आहे ते कामगारांनाही ठाऊक हवं. नुसत्या 'बायोडिग्रेडेबल' शब्दाला काही अर्थ नाही.

राहिला जुना साठा. तो स्वस्तात दुसऱ्या दुकानाला विकू नका. विक्री, वाहतूक आणि साठवण तिन्ही गुन्ह्यात मोडतात. जाळू तर मुळीच नका. वजन करून महापालिकेच्या विभागीय कार्यालयात सांगा, त्यांच्याकडे जमा करा आणि पोच त्याच फाइलला लावा. कागदी माल मात्र जूनआधी फार भरू नका. इथल्या पावसाळ्यात तो ओल धरतो, म्हणून पंधरा दिवसांपुरताच आणा आणि भिंतीपासून दूर, फळीवर ठेवा.