एनव्हिडियाचा ड्रायव्हर बदलायला बसण्याआधी

आधी एक कागद आणि पेन घ्या. थट्टा नाही. लिनक्सवर ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्राम) बदलताना बिघडतो तो पडदाच, आणि बिघडल्यावर काय करायचं याची टिपणं आपण त्याच पडद्याआड ठेवलेली असतात. माझी पहिली खेप अशीच वाया गेली. सगळ्या कमांड एका फाइलीत नीट उतरवल्या, फाइल डेस्कटॉपवर ठेवली, मशीन रीस्टार्ट केलं आणि मग रात्री साडेअकराला काळ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ बघत बसलो. ड्रायव्हर बदलायला दोन-तीन कमांड पुरतात. सगळी तयारी करायची असते ती परत येण्याची.

कागदावर पहिली ओळ कार्डाची. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -के’ चालवा आणि ‘व्हीजीए’ किंवा ‘थ्रीडी कंट्रोलर’ असं लिहिलेली नोंद शोधा. तिथे चिपचं नाव असतं, आणि खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ या ओळीत सध्या गाडा कोण ओढतंय ते कळतं: ‘नूवो’ की ‘एनव्हिडिया’, म्हणजे कंपनीचा स्वतःचा बंदिस्त ड्रायव्हर. नूवो हा मुक्तस्रोत ड्रायव्हर. नाव फ्रेंच, अर्थ ‘नवा’. कंपनी माहिती देत नव्हती तेव्हा लोकांनी कार्डाचं वागणं बाहेरून न्याहाळून तो लिहिला, आणि २०१० मध्ये २.६.३३ या कर्नलमधून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातून, तो सगळ्यांच्या मशीनवर पोचला. नोंदीत फक्त एएमडी किंवा इंटेलचं नाव असेल, तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका. एएमडीचा जुना बंदिस्त ड्रायव्हर केव्हाच मोडीत निघाला आहे. त्यांचा एएमडीजीपीयू हा मुक्त ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलमध्येच आहे आणि तो छान चालतो.

एनव्हिडियावाल्यांनी मात्र चिपचं घराणं ओळखल्याशिवाय उठू नये. चिपच्या नावातली पहिली दोन अक्षरं बघा: जीके म्हणजे केप्लर, जीएम मॅक्सवेल, जीपी पास्कल, टीयू ट्युरिंग, जीए अ‍ॅम्पियर, एडी एडा. निम्मा निर्णय इथेच होतो. आपल्याकडच्या कित्येक जुन्या डेस्कटॉपमध्ये असलेलं जीटी ७१० हे केप्लर घराण्यातलं. त्याच्यासाठी एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ४७० ही शेवटची शाखा (आवृत्त्यांची मालिका), आणि तिचीही देखभाल आता थांबली आहे. म्हणजे नवा कर्नल आला की हा ड्रायव्हर त्याच्याबरोबर बांधला जाईलच याची खात्री नाही. अशा कार्डाला मी डोळे झाकून नूवो लावतो.

खरी कोंडी मधल्या पिढीची. जीटीएक्स ९०० मालिकेपासून एनव्हिडियाने फर्मवेअरवर (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामवर) स्वतःची सही सक्तीची केली. त्या सहीशिवाय नूवोला कार्डाच्या घड्याळाचा वेग वाढवता येत नाही. मशीन चालू होताना कार्ड ज्या मंद चालीत जागं होतं, त्याच चालीत ते दिवसभर रांगतं. पास्कलचीही तीच गत. जीटीएक्स १०५० किंवा लॅपटॉपमधली एमएक्स १५० असेल आणि कार्डाकडून खरंच काम करून घ्यायचं असेल, तर बंदिस्त ड्रायव्हरला पर्याय नाही. त्यातही ५८० ही मॅक्सवेल आणि पास्कलला चालणारी शेवटची शाखा, तेव्हा कागदावर तो आकडा ठळक लिहून ठेवा. चुकून ५९० टाकलीत तर ती हे कार्ड ओळखणारच नाही.

ट्युरिंगपासून, म्हणजे २०१८ नंतरच्या कार्डांपासून, चित्र बदलतं. या कार्डांवर जीएसपी नावाचा एक छोटा प्रोसेसर असतो आणि वेग, वीज वगैरे सांभाळणारं फर्मवेअर त्याच्यावर चालतं. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ६.७ कर्नलपासून नूवोला या जीएसपीशी बोलता येतं, त्यामुळे वेगाचं रडगाणं संपलं. जोडीला मेसा या मुक्त ग्राफिक्स संचामध्ये एनव्हीके हा ड्रायव्हर आला, खेळांना लागणाऱ्या व्हल्कन या ग्राफिक्स मानकासाठी. जीटीएक्स १६५० बाळगणाऱ्याने ब्राउझर, व्हिडिओ आणि हलक्याफुलक्या खेळांसाठी नूवोवर राहायचं ठरवलं, तर आता त्याला कुणी वेड्यात काढणार नाही.

इथे एक गल्लत हमखास होते. उबुंटू या लिनक्सच्या ड्रायव्हर-यादीत ‘एनव्हिडिया-ड्रायव्हर’ आणि आकड्यापुढे ‘ओपन’ असं लिहिलेलं पॅकेज दिसतं. ते म्हणजे नूवो नव्हे! मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने स्वतःच्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग खुला केला, त्याचं हे पॅकेज. वरचा सगळा डोलारा, कार्डाकडून आकडेमोड करून घेणाऱ्या कुडासकट, अजून बंदच आहे. हा ‘ओपन’ प्रकार ट्युरिंग आणि नंतरच्या कार्डांनाच चालतो. आरटीएक्स ५० मालिकेला तर दुसरा चालतच नाही. पास्कलवर मात्र तो टाकून उपयोग नाही.

कार्डाखाली दुसरी ओळ लिहा: बदल कशासाठी? ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये सायकल्सचं रेंडरिंग कार्डावर करायचंय, कुडा लागणारं काही शिकायचंय, तर बंदिस्त. दर कर्नल अपडेटनंतर ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलमध्ये बसणारा तुकडा) बांधलं गेलं की नाही याची धाकधूक नको असेल, तर नूवो. आणि ‘सहज करून बघतो’ हे कारण असेल तर परीक्षा किंवा सबमिशनचा आठवडा टाळा.

मग सिक्युअर बूट, म्हणजे बिनसहीचं काही मशीन चालू होताना चढू न देणारी सेटिंग. माझ्याकडे येणाऱ्या ‘ड्रायव्हर टाकला पण चालत नाही’ या तक्रारींतल्या बऱ्याच इथेच अडकलेल्या असतात. ‘मॉकयूटिल --एसबी-स्टेट’ ही कमांड तो चालू आहे की बंद ते सांगते. चालू असेल तर कर्नल फक्त सही असलेली मॉड्यूल्स आत घेतो. उबुंटूने स्वतः बांधून सही केलेली मॉड्यूल्स वापरली तर प्रश्न नाही, पण डीकेएमएस या मॉड्यूल बांधणाऱ्या प्रोग्रामने तुमच्याच मशीनवर मॉड्यूल बांधलं तर त्याची किल्ली मशीनच्या गळी उतरवावी लागते. इन्स्टॉल करताना एक पासवर्ड मागितला जातो. पुढच्या वेळी मशीन चालू होताना ‘एमओके मॅनेजमेंट’चा (एमओके म्हणजे मशीनच्या मालकाची किल्ली) निळा पडदा येतो आणि तो जेमतेम दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात एखादी कळ दाबून ‘एनरोल एमओके’, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’, मग तो पासवर्ड. चहा आणायला गेलात की संधी गेली: मशीन मुकाट्याने चालू होतं, मॉड्यूल काही चढत नाही आणि हाताने चढवायला गेलं की ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर येतं. त्या निळ्या पडद्याला फक्त अमेरिकी कीबोर्ड समजतो असं धरून चाला. पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा ठेवा, आणि तोही कागदावर लिहा. एकदाच वापरायचा आहे.

‘त्यापेक्षा सिक्युअर बूटच बंद करतो’ म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट आधी बघावी. त्याच मशीनवर विंडोज असेल आणि त्यात डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असेल, तर ही सेटिंग हलवल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते का ते बघून घ्या, सापडली तर फोनवर फोटो काढून ठेवा. वडिलांच्या लॅपटॉपवर हा उद्योग करणाऱ्यांनी तर नक्कीच.

आता परतीच्या वाटेचं सामान. घरच्या (होम फोल्डरातल्या) फाइली बाहेरच्या डिस्कवर गेल्या असाव्यात हे काही सांगायला नको. टाइमशिफ्ट या बॅकअप प्रोग्रामचा एक स्नॅपशॉट घ्या. तो नेमका सिस्टिमचाच असतो, घरच्या फाइली त्यात धरलेल्या नसतात, आणि काळ्या कन्सोलवरूनही (नुसत्या अक्षरांच्या पडद्यावरूनही) तो परत चढवता येतो. जुना कर्नल काढून टाकू नका. ‘बूट’ विभागात जागा किती उरलीय ते ‘डीएफ -एच’ने बघा. कर्नल चढल्या चढल्या, मुख्य डिस्क जोडली जाण्याआधी लागणारी इनिटरॅमएफएस फाइल या बदलात नव्याने बांधली जाते, त्यात कार्डाचं फर्मवेअरही शिरलं तर ती चांगलीच फुगते. निदान दोनशे एमबी मोकळे असल्याशिवाय मी हात लावत नाही. चालू कर्नलच्या हेडर्सचं पॅकेज आहे का तेही बघा, नाहीतर डीकेएमएस मॉड्यूल बांधणार कशाच्या जोरावर?

इंटरनेटची सोय पडद्याविना चालेल अशी हवी. सगळ्यात सोपं म्हणजे फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग. कन्सोलवर वायफायचा पासवर्ड टाइप करत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. घरात दुसरा संगणक असेल तर या मशीनवर एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून लॉग इन करायची सोय) चालू करून आयपी पत्ता कागदावर लिहा. पडदा मेला तरी मशीन बहुधा जिवंत असतं.

त्या काळ्या कन्सोलची एकदा रंगीत तालीम करा. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काही लॅपटॉपवर एफएनही दाबावं लागतं. लॉग इन करा, एखादी कमांड चालवा, मग एफ१ किंवा एफ२ने परत या. यात मराठी माणसाची एक खास पंचाईत आहे. सिस्टिमची भाषा मराठी ठेवली असेल तर या कन्सोलला देवनागरी दाखवता येत नाही. पॅकेज टाकणारं-काढणारं एपीटी जे काही विचारतं ते नुसते चौकोन होऊन समोर येतं, आणि त्या चौकोनांना ‘वाय’ म्हणायचं की ‘एन’ हे देवच जाणे. त्यावर उपाय म्हणजे लॉग इन झाल्या झाल्या ‘एक्स्पोर्ट एलसी_ऑल=सी’. संदेश इंग्रजीत येऊ लागतात. फोल्डरांची नावं देवनागरीत असतील तर ती तिथे टाइपही करता येणार नाहीत, म्हणून लागणाऱ्या फाइली साध्या इंग्रजी नावाच्या फोल्डरात ठेवा.

मशीन चालू होताना कर्नल चढवणाऱ्या ग्रबचा मेन्यू लपलेला असतो, तोही आजच उघडा करून ठेवा. ऐन वेळी एस्केप दाबायचा मुहूर्त साधत नाही. सेटिंगमध्ये ‘हिडन’च्या जागी ‘मेन्यू’ आणि वेळ दहा सेकंद, मग ‘अपडेट-ग्रब’. एकदा मेन्यूवर ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी जागा सोडून ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ१० दाबा. चित्र ओबडधोबड येईल, पण येईल. हा बदल त्या एका खेपेपुरताच असतो. हे एकदा हाताने केलेलं असलं की प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा हात थरथरत नाहीत.

जुने अवशेष साफ करणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि माझी स्वतःची सर्वात मोठी फजिती इथलीच. बंदिस्तावरून नूवोकडे येताना पॅकेज ‘रिमूव्ह’ केलं, ‘पर्ज’ (म्हणजे सेटिंगच्या फाइलींसकट साफ) केलं नाही. मॉड्यूल चढवणाऱ्या मॉडप्रोबच्या फोल्डरात ‘ब्लॅकलिस्ट नूवो’ लिहिलेली फाइल तशीच राहिली, म्हणजे एकाला घालवलं आणि दुसऱ्याला दारात अडवलं. जोडीला पडदा रंगवणाऱ्या एक्सऑर्गच्या कॉन्फ फाइलमध्ये ‘ड्रायव्हर एनव्हिडिया’ ही ओळही होतीच. तेव्हा दोन्ही ठिकाणं आधी बघून ठेवा, आणि अशी फाइल सापडली तर तिचा पत्ता कागदावर घ्या. एनव्हिडियाच्या साइटवरून ‘डॉट रन’ फाइल उतरवून कधी काळी ड्रायव्हर टाकला असेल, तर तो तिच्याच ‘अनइन्स्टॉल’ने काढा, त्यावर पॅकेजचा ड्रायव्हर चढवू नका. काहीही बदललं की ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’, फेडोरावर ‘ड्रॅकट -एफ’. हे विसरलं तर जुनाच कारभार चालू राहतो, कारण नूवो बूटच्या अगदी सुरुवातीला त्या फाइलीतूनच चढतो.

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवाल्यांची भीती निम्मी. बहुतेक वेळा लॅपटॉपचा स्वतःचा पडदा इंटेल किंवा एएमडीवर चालतो, तो वाचतो. एचडीएमआयचं भोक मात्र अनेक मॉडेल्समध्ये थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतं, म्हणून बाहेरचा मॉनिटर आज चालतो का ते आजच लिहून ठेवा.

कागदाच्या मागच्या बाजूला परतीच्या कमांड उतरवा, रोमनमध्ये, जशाच्या तशा. लहान ‘एल’ आणि एकचा आकडा, ‘ओ’ आणि शून्य, मधली जागा आणि डॅश हे ओळखू येतील असे लिहा. लॅपटॉप चार्जरला लावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर वीज जाण्याची नेहमीची वेळ टाळा, कारण मॉड्यूल बांधायला काही मिनिटं लागतात. फेडोरात तर इन्स्टॉल संपल्यावरही मागे बांधणी चालूच असते. ‘मॉडइन्फो’ आवृत्तीचा आकडा दाखवेपर्यंत रीस्टार्ट करू नका.

पडदा नीट उजळला म्हणजे झालं असंही नाही. ‘जीएलएक्सइन्फो -बी’ चालवा. रेंडररच्या ओळीत ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर कार्ड झोपलंय आणि सगळी चित्रं प्रोसेसर रंगवतोय. पंख्याच्या आवाजावरूनही ते कळतं. बंदिस्त ड्रायव्हर असेल तर ‘एनव्हिडिया-एसएमआय’ काही बोलतं का ते बघा. झाकण मिटून दहा मिनिटांनी उघडा. मॉनिटर जोडा, काढा. एवढं झालं की कागदावर तारीख, कर्नलचा आणि ड्रायव्हरचा आकडा लिहा आणि पुढचा कर्नल अपडेट सुखरूप पार पडेपर्यंत तो फेकू नका.