अमेरिकेत देणगी देताय? २०२६ साठी हा हिशेब आधी मांडा

मंडळाची गणपतीची वर्गणी, मराठी शाळेला मदत, गावच्या शाळेच्या छपरासाठी पाठवलेले पैसे. डिसेंबरात ही सगळी बेरीज करून "यावर टॅक्स वाचेल" म्हणणारे दर वर्षी भेटतात. २०१७ च्या कायद्याने स्टँडर्ड डिडक्शन (खर्चांचा हिशेब न देता मिळणारी ठरावीक वजावट) जवळपास दुप्पट केलं, तेव्हापासून बहुतेक घरांत ते खरं नव्हतं. करोनाकाळातली छोटी सवलत सोडली, तर देणगी दिली काय, न दिली काय, टॅक्स तेवढाच. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने २०२६ पासून हे गणित पुन्हा बदललं आहे.

पहिलं काम म्हणजे एक कागद घ्या. नवरा-बायको एकत्र रिटर्न भरत असाल तर २०२६ चं स्टँडर्ड डिडक्शन ३२,२०० डॉलर, एकट्याचं १६,१००. त्याच्यासमोर घरकर्जाचं व्याज लिहा, मग राज्याचा इन्कम टॅक्स आणि प्रॉपर्टी टॅक्स. या दोन टॅक्सवर पूर्वी १०,००० ची मर्यादा होती, ती २०२६ साठी ४०,४०० आहे. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना हा मोठाच दिलासा. फक्त उत्पन्न साधारण पाच लाखांच्या पुढे गेलं की मर्यादा उतरत जाते. या खर्चांची आणि देणगीची बेरीज स्टँडर्डपेक्षा जास्त झाली, तरच एकेक खर्च दाखवून वजावट घेण्यात, म्हणजे आयटमाइज करण्यात, अर्थ आहे.

आता देणगी. आयटमाइज करत नसाल तरी २०२६ पासून एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत वजावट मिळते. मात्र ती रोख, चेक किंवा कार्डाने दिलेल्या पैशांवरच. जुने कपडे, सोफा यात धरत नाहीत, आणि डोनर ॲडव्हाइज्ड फंडात (आधी पैसे ठेवून पुढे सवडीने संस्थांना वाटायच्या खात्यात) टाकलेले पैसेही नाहीत. आयटमाइज करणाऱ्यांना उलट थोडी कात्री लागली आहे: उत्पन्नाच्या (रिटर्नवरच्या एजीआय या आकड्याच्या) अर्ध्या टक्क्यापर्यंतची देणगी मोजलीच जात नाही.

दोन वर्षांची देणगी एकाच वर्षी द्या, असा सल्ला सर्रास मिळतो. तो डोळे मिटून घेऊ नका. समजा, जोडप्याचं उत्पन्न २ लाख, व्याज आणि टॅक्स मिळून २७,००० आणि देणगी दर वर्षी ४,०००. दर वर्षी देत राहिलात तर स्टँडर्ड अधिक २,०००, म्हणजे ३४,२००. दोन वर्षांचे ६८,४००. एकदम ८,००० दिले तर त्या वर्षी २७,००० अधिक ८,०००, वजा अर्धा टक्का म्हणजे १,०००: झाले ३४,०००. दुसऱ्या वर्षी ३२,२००. एकूण ६६,२००, म्हणजे तोटाच! (सोपेपणासाठी दोन्ही वर्षांचे आकडे सारखे धरलेत.) तेच देणगी वर्षाला १०,००० असेल तर वेगवेगळी देऊन (दर वर्षी आयटमाइज करून ३६,०००) ७२,००० होतात आणि एकत्र देऊन ७८,२००. तिथे एकत्र देण्यात अर्थ आहे.

वर्षाहून जास्त काळ ठेवलेले शेअर वाढले असतील तर आयटमाइज करणाऱ्यांनी ते विकून पैसे देण्याऐवजी शेअरच द्यावेत. नफ्यावर टॅक्स नाही आणि वजावट बाजारभावाने. आई-वडील इथेच असतील, साडेसत्तर वर्षांपुढचे असतील आणि त्यांचा आयआरए (निवृत्तीसाठीचं बचत खातं) असेल, तर त्या खात्यातून पैसे थेट संस्थेला देता येतात. २०२६ ची मर्यादा १,११,००० डॉलर.

आता पावत्यांचं. मंदिराच्या दानपेटीत टाकलेल्या नोटेची वजावट नाही, कारण तिचा पुरावा नाही. चेक द्या. २५० डॉलर किंवा जास्त दिले तर संस्थेचं पत्र रिटर्न भरण्याआधी हातात हवं, आणि बदल्यात काही मिळालं की नाही, हे त्यात लिहिलेलं हवं. १०० डॉलरच्या तिकिटात ४० डॉलरचं जेवण असेल, तर देणगी ६० चीच. पुरणपोळी कितीही चांगली असो.

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे: भारतातल्या संस्थेला थेट पाठवलेल्या पैशांवर अमेरिकेत वजावट नाही. भारतातल्या टॅक्स सवलतीसाठीची ८०जी ची पावती इथे चालत नाही. गावच्या शाळेला द्यायचे असतील तर भारतात काम करणारी, पण अमेरिकेत ५०१ (सी) (३), म्हणजे धर्मादाय संस्था, म्हणून नोंदलेली संस्था शोधा; आयआरएसच्या (अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या) साइटवर संस्थेचं नाव टाकून पाहता येतं. वजावट नको असेल तर थेट पाठवा, त्यात गैर काहीच नाही.

३१ डिसेंबरला रात्री कार्डाने दिलेत तरी ती याच वर्षाची देणगी, बिल जानेवारीत भरलं तरी. चेक त्या दिवशी पोस्टात पडला पाहिजे, टेबलावर लिहून ठेवलेला चालत नाही.