अर्ली डिसिजनवर सही करण्याआधी कॉलेजचे आकडे तपासा

ऑक्टोबर उजाडला की न्यू जर्सीतल्या एडिसनमधले ओळखीचे आईबाबा फोन करतात. "ताई, अर्ली डिसिजन टाकू का? चान्स वाढतो म्हणे." अर्ली डिसिजन म्हणजे एकाच कॉलेजला लवकर अर्ज करायचा आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, असा करार. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी त्या कॉलेजचा कॉमन डेटा सेट उघडा, म्हणजे प्रवेशांचे आकडे कॉलेज स्वतः ठरावीक तक्त्यांत छापतं तो दस्तऐवज. नोकरीची सगळी वर्षं मी लोकांचे हिशेब तपासले, त्यामुळे चकचकीत ब्रोशरपेक्षा कंटाळवाण्या तक्त्यांवर माझा भरवसा जास्त.

कॉलेजचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' असं शोधलं की बहुतेक ठिकाणी पीडीएफ मिळते. तिच्यात सी-७ हा तक्ता गाठा. मार्क, निबंध, शिफारसपत्रं यांना कॉलेज किती महत्त्व देतं ते तिथे लिहिलेलं असतं. 'ॲलम्नाय रिलेशन' ही ओळ बघा. खूण 'नॉट कन्सिडर्ड'वर नसेल तर तिथे लेगसी चालते, म्हणजे आईबाप त्याच कॉलेजात शिकलेले असतील तर मुलाच्या पारड्यात जास्तीचं वजन पडतं. तुमची सीओईपीची किंवा वालचंदची डिग्री इथे कामाची नाही. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, ॲमहर्स्ट लेगसी बघत नाहीत. हार्वर्डवरच्या खटल्यात जे आकडे बाहेर आले त्यांत लेगसी अर्जदारांपैकी सुमारे ३३ टक्के मुलांना प्रवेश मिळाला होता, बाकीच्यांत सुमारे ६ टक्के. सगळा फरक लेगसीचाच असं मी म्हणणार नाही, ही मुलं मुळात चांगल्या शाळांतून आलेली असतात. तरी फरक डोळ्यांत भरतो.

आता खरं गणित. सी-१ मध्ये एकूण अर्ज आणि एकूण प्रवेश असतात, सी-२१ मध्ये अर्ली डिसिजनचे. समजा एकूण अर्ज २०,००० आणि प्रवेश २,००० आहेत. कॉलेज अभिमानाने सांगतं, आमचा दर १० टक्के. त्यातले अर्ली डिसिजनचे अर्ज २,५०० आणि प्रवेश ७००, म्हणजे २८ टक्के. वजाबाकी करा. उरले १७,५०० अर्ज आणि १,३०० प्रवेश, दर साडेसात टक्क्यांपेक्षाही कमी. प्रवेश मिळालेले सगळेच येत नाहीत, अर्ली डिसिजनवाले मात्र करारामुळे येतात; तेव्हा पहिल्या वर्षाचा वर्ग १,२०० मुलांचा असेल तर निम्म्याहून जास्त जागा डिसेंबरच्या मध्यालाच गेल्या.

पण २८ हा आकडा बघून हुरळू नका. त्या ७०० मध्ये खेळासाठी निवडलेली मुलं आहेत, लेगसीवाली आहेत. ती बाजूला काढल्यावर तुमच्या मुलीच्या वाट्याला किती उरतं, ते कॉलेज छापत नाही. म्हणूनच लेगसी आणि अर्ली डिसिजन या दोन्ही गोष्टींवर एकत्र बंदी हवी असं मला वाटतं. एक दार बंद करून दुसरं उघडं ठेवलं तर तीच मंडळी तिथून आत जाणार.

मग पैशांचं. अर्ली डिसिजनच्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या लागतात, आणि प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. म्हणजे चार कॉलेजांच्या आर्थिक मदतीची पत्रं शेजारी ठेवून तुलना करणं संपलं. ज्याला किंमत विचारायची गरज नाही त्याच्यासाठीच ही सोय आहे, माझ्या मते. सही करण्याआधी कॉलेजच्या संकेतस्थळावरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर भरा; मदत वजा जाता तुम्हाला किती भरावं लागेल याचा अंदाज तो देतो. खरा पगार टाका, अंदाजाने नको. मुलगा एच-४ व्हिसावर (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या कुटुंबाला मिळतो तो) असेल तर फेडरल मदत मिळत नाही, आणि कॉलेज स्वतःची मदत देताना त्याला कोणत्या गटात धरतं हे ईमेल करून लेखी विचारा. मदत अपुरी पडली तर करारातून सुटता येतं, पण मग डिसेंबरच्या शेवटी उरलेले अर्ज धावतपळत भरायची वेळ येते. ते आधीच तयार ठेवा. अर्ली ॲक्शन वेगळं: अर्ज लवकरच करायचा, पण त्यात बंधन नाही, उत्तर १ मेपर्यंत देता येतं, तेव्हा मिळत असेल तर जरूर टाका. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या ॲक्शनमध्ये मात्र इतर खासगी कॉलेजांत लवकर अर्ज करण्यावर मर्यादा आहेत, तो नियम नीट वाचा.

अर्ज झाले की एक संध्याकाळ आपल्या स्टेट सिनेटरला आणि असेंब्ली सदस्यांना पत्र लिहायला काढा. आपण कोणत्या डिस्ट्रिक्टमध्ये राहतो ते पहिल्याच ओळीत लिहा, नाहीतर कोणी पुढे वाचत नाही. मागणी नेमकी हवी. कोलोरॅडोने २०२१ मध्ये आणि व्हर्जिनिया, इलिनॉयने २०२४ मध्ये लेगसीवर बंदी घातली, पण फक्त सरकारी कॉलेजांत. मेरीलँड आणि कॅलिफोर्नियाच्या २०२४ च्या कायद्यांत खासगीही आली. तरी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डने कॅल ग्रँटचे, म्हणजे राज्य विद्यार्थ्यांना देतं त्या मदतीचे, पैसे सोडून लेगसी चालू ठेवायचं ठरवलं. तेव्हा तीन गोष्टी मागा: खासगी कॉलेजं कायद्यात असावीत, देणगीदारांच्या मुलांचाही त्यात उल्लेख असावा, आणि नियम मोडला तर दंड असावा. न्यूयॉर्कमध्ये २०२२ साली मांडलेल्या विधेयकात लेगसीबरोबर अर्ली डिसिजनवरही बंदी होती. त्याचा दाखला द्या. तुम्ही वजाबाकी केलेला तक्ता पत्रासोबत जोडा आणि आठवड्याभराने कार्यालयात फोन करून पत्र कोणाच्या टेबलावर आहे ते विचारा.