वस्तीत आहाराचे वर्ग घ्यायचेत? आधी बाजाराची पिशवी बघा

गोव्यात डिचोली, सत्तरी, पेडणे या बाजूला बचत गटांसाठी आहाराचे वर्ग घ्यावेत असं बऱ्याच जणांच्या मनात असतं, आणि बहुतेक ठिकाणी सुरुवात एकाच छापाची होते: पंचायतीच्या हॉलात प्रोजेक्टर, प्रोटीन-व्हिटॅमिनचा रंगीत तक्ता, तासभर भाषण, शेवटी चहा-समोसा. बायका शांतपणे ऐकून घेतात आणि घरी जाऊन नेहमीचंच रांधतात. त्यांचं काही चुकत नाही हो. ज्या घरात वीस तारखेनंतर पैसे पुरवून पुरवून वापरायचे असतात तिथे ओट्स आणि ऑलिव्ह ऑइल सांगून काय उपयोग? म्हणून माझं सांगणं एकच, वर्ग त्यांच्या बाजाराच्या पिशवीपासून सुरू करा.

आणि गोव्यात हे काम खरंच निकडीचं आहे. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, इंडियाब नावाचा डायबेटिसचा देशभरातला अभ्यास 2023 साली आला, त्यात या आजाराचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, 26.4 टक्के. हा आता फक्त पैसेवाल्यांचा आजार राहिलेला नाही, हॉटेलात भांडी घासणारी आणि इंडस्ट्रियल इस्टेटीत शिफ्ट करणारी माणसंही शुगरच्या गोळ्या घेताहेत.

तर आधी अंगणवाडीतल्या ताईंना भेटा, कुठल्या वाड्यावर कोण कामाला जातं, कधी परततं हे त्यांना तोंडपाठ असतं. वेळ बायकांना विचारूनच ठरवा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचे पंधरा दिवस आणि शिगम्याचे, म्हणजे इथल्या होळीच्या सणाचे, दिवस सोडून द्या, कोणी येणार नाही. एका गटात बारा-पंधरा जणी बास, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, आणि जागा चालत येण्यासारखी हवी, कारण बसचे पैसे आणि मुलांना कुठे ठेवायचं या दोन गोष्टींवरच निम्म्या जणी गळतात. मुलांसाठी कोपऱ्यात चटई, खडू, एक मोठी मुलगी लक्ष द्यायला, एवढी सोय केली तरी पुष्कळ फरक पडतो.

पहिल्या दिवशी काही शिकवू नका, काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं एवढंच विचारा. चहा-पाव, दुपारी भात-हुमण (मासळीची आमटी), संध्याकाळी परत चहा-बिस्किट, रात्री भात, असंच बहुतेक ऐकायला मिळेल. ऐकताना चांगलं-वाईट म्हणू नका, नाहीतर दुसऱ्या आठवड्यापासून सगळ्या जणी खोटं सांगायला लागतील. भात एवढा का, हेही समजून घ्या. प्राधान्य गटातल्या रेशनकार्डावर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, 2023 पासून तेही फुकट, आणि डाळ मात्र खिशातून घ्यावी लागते, मग ताटात भातच वाढणार ना? भात बंद करा म्हणायचं नाही. उकड्या तांदळाची पेज तर सोडायलाच लावू नका, फक्त भाताचा डाव एकाने कमी आणि त्या जागी उसळ किंवा भाजी, एवढंच मागा.

तेलाचा वर्ग बोलून होत नाही, करूनच दाखवावा लागतो. एक रिकामी वाटी ठेवा आणि एकीला सांगा, घरी चार माणसांच्या एका भाजीला ओततेस तेवढं तेल यात ओत. मग ते तिच्याच हाताने चहाच्या चमच्याने मोजून दुसऱ्या वाटीत घालायला लावा, बाकीच्या मोठ्याने आकडा म्हणतील. त्यानंतर सांगा की माणशी दिवसाला साधारण सहा चमचे पुरे, त्यात फोडणी, तळण, आमटी सगळं आलं. हे एवढं पाहिलं की वेगळं भाषण लागत नाही.

मिठाचं गणित याहून सोपं आहे. माणशी दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चौघांच्या घरात एक किलोची पुडी पन्नास दिवस जायला हवी. पुडी फोडली त्या दिवसाची तारीख पेनाने तिच्यावरच लिहायला सांगा. आणि इथे सुक्या मासळीचा विषय काढाच, कारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताजी मासळी परवडत नाही आणि घराघरात खारे बांगडे निघतात. खाऊ नका म्हणणं चूक आहे, प्रोटीनसाठी ती मोलाची. पण गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यायचं आणि त्या दिवशी आमटीत मीठ हात राखून घालायचं, हे जमतं. बीपीवाल्यांनी मात्र ती क्वचितच खावी.

प्रोटीनच्या वर्गाला बायकांनाच भाव आणायला लावा: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तारले (छोटी स्वस्त मासळी) काय भावाने, अंडी, कुळीथ, मूग, अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) काय भावाने. फळ्यावर लिहून काढा, दहा रुपयांत काय येतं बघा. कुळथात 100 ग्रॅमला साधारण 22 ग्रॅम प्रोटीन असतं आणि एका अंड्यात सहाएक ग्रॅम, बाकी हिशेब त्या आपोआप करतात. मग तिथेच गॅस पेटवून कुळथाचं सार किंवा मोड आलेल्या मुगाची उसळ करा आणि सगळ्यांनी मिळून खा. तांबडी भाजी (लाल माठ) केली तर वर लिंबू पिळायला लावा आणि जेवणावर लगेच चहा नको हेही सांगा, चहाने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. सगळ्यांसमोर कुणाचं वजन करायचं नाही. आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या बाईला खाणं एकदम कमी करायला सांगू नका, गोळीमुळे शुगर एकदम खाली जाऊ शकते, तिला आधी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे पाठवा.

शेवटच्या वर्गाला सासवा आणि घरची पुरुषमंडळी यांनाही बोलवा, उसळ त्यांच्याही तोंडी लागली पाहिजे. तीन महिन्यांनी परत जाऊन तोच पहिल्या दिवसाचा प्रश्न विचारा, काल काय खाल्लं, आणि मिठाच्या पुडीवरची तारीख बघा. गटातली जी बाई बाकीच्यांना हौसेने सांगत असते, तिच्याकडेच पुढच्या वाड्यावरचा वर्ग द्या आणि त्या कामाचं मानधन बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरून ठेवा.